द.सा.द.शे.

शाळेच्या गणितातली काही अक्षरं आयुष्यभर डोक्यात राहतात, मग त्यांचा अर्थ कळलेला असो वा नसो. ल.सा.वि., म.सा.वि. आणि त्यांचा तिसरा भाऊ द.सा.द.शे. ‘द.सा.द.शे. ८ दराने ५००० रुपयांचे ३ वर्षांचे सरळव्याज काढा.’ मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. उत्तर १२०० रुपये, पुढचं गणित. मी गेली काही वर्षं घरी शिकवण्या घेते आणि हे गणित न येणारी मुलं मला फारशी भेटलेली नाहीत. पण या चार अक्षरांचा अर्थ विचारला की वर्गात शांतता पसरते. एका मुलीने एकदा फार प्रामाणिक उत्तर दिलं होतं: “ताई, त्याला काही अर्थ नसतो, ते फक्त प्रश्नाच्या आधी म्हणायचं असतं.”

दर साल, दर शेकडा. वर्षाला, शंभरामागे. यात ‘दर’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचं काम वेगळं असतं. एक दर विचारतो, किती काळात? दुसरा विचारतो, कशाच्या शंभरामागे? ‘आठ’ हा आकडा या दोन उत्तरांशिवाय हवेत लटकत राहतो. शेकडेवारीचा इतिहास वाचायला लागल्यावर मला वाटायला लागलं की तो मुळात या दोन ‘दर’ शब्दांचाच इतिहास आहे. ते कुणी स्पष्ट सांगितले, कुणी लपवले आणि लपवल्यावर कुणाची जमीन गेली, याचा.

आता शंभरच का, हा प्रश्न घ्या. त्याचं गणितातलं उत्तर म्हणजे ‘सोपं जातं म्हणून’, आणि ते अर्धंच खरं आहे. बॅबिलोनच्या लोकांचं अंकगणित साठवर चालायचं. त्यांच्याकडे एक मिना चांदी म्हणजे साठ शेकेल. व्याज मिन्यामागे महिन्याला एक शेकेल, म्हणजे साठाला एक. वर्षाचे बारा, साठावर बारा. आपल्या भाषेत २० टक्के. हम्मुराबीच्या काळात चांदीवर हाच दर चाले, धान्यावर तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे ३३ टक्क्यांच्या थोडा वर जाई. साठात मोजणाऱ्या माणसाला शंभराची काहीच गरज नव्हती. आपल्याकडे मनुस्मृती व्याजाचा दर सांगताना महिन्याला ऐंशीवा भाग असं सांगते. ऐंशीवा भाग म्हणजे शंभराला सव्वा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तोच दर शंभर पणांना महिना सव्वा पण असा सरळ शेकड्यात येतो आणि त्याला धर्म्य म्हटलं आहे. दर एकच, सांगण्याची पद्धत दोन.

कौटिल्य पुढे जे सांगतो ते अधिक रंजक आहे. व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाला महिन्याला शेकडा पाच, रानावनातून माल नेणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. महिन्याला वीस म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस! जहाज बुडालं तर पैसाही बुडाला, ती भीती या वीसमध्ये मोजलेली आहे. मनुस्मृतीची पुढची पायरी मात्र धोक्याची नाही, जातीची आहे. ब्राह्मणाकडून महिना शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याच्याकडून सगळ्यात जास्त. टक्का हा निर्विकार आकडा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या ओळी एकदा वाचाव्यात.

शेकडा जगभर पसरला तो व्यापाऱ्यांच्या वह्यांतून. पंधराव्या शतकातल्या इटलीत व्यापारी ‘पेर चेंतो’, म्हणजे ‘शंभरामागे’, असं लिहीत. रोज शेकडो वेळा लिहायचं म्हटल्यावर ते आखडत गेलं. ‘चेंतो’चा ‘सी’ आणि शेवटचा छोटा ‘ओ’ एवढंच उरलं, सतराव्या शतकापर्यंत त्याच्या जागी आडवी रेघ आणि वर-खाली दोन शून्यं आली, मग पुढचा ‘पेर’ही गळाला आणि रेघ तिरकी झाली. आज मोबाइलच्या कीबोर्डवर जे % दिसतं ते शंभरातली दोन शून्यं नाहीत, ते कारकुनी घाईत झिजलेलं अक्षर आहे. आपला ‘टक्का’ वेगळ्या वाटेने आला. टंक म्हणजे नाणं, त्यावरून टका. बांगलादेशचं चलन आजही टकाच आहे. शंभर नाण्यांमागे किती नाणी, तर इतके टक्के. मराठीत या शब्दाने पुढे बरंच नाव काढलं. परीक्षेत टक्के पडतात, आरक्षणाचा टक्का असतो, आणि पुलाच्या कंत्राटात ‘टक्केवारी’ म्हटलं की कुणालाही जास्त समजावून सांगावं लागत नाही.

*

शाळेतल्या व्याजाच्या गणितांना मराठी मुलुखात तरी एक थोर पूर्वज आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. आज आपण तिच्यातले हंस, भुंगे आणि तुटलेला मोत्यांचा हार तेवढे सांगतो. पण ‘लीलावती’त सावकारीची गणितंही भरपूर आहेत. महिन्याला शेकडा पाच दराने १६ वर वर्षाचं व्याज किती? उत्तर ९ पूर्णांक ३ पंचमांश. ज्याला त्रैराशिक येतं त्याला हे जमतं, फक्त इथे तीनाऐवजी पाच राशी आहेत: शंभर, एक महिना, पाच, सोळा आणि बारा महिने. म्हणून हे पंचराशिक. शंभर आणि महिना या दोन्ही राशी भास्कराचार्य मांडणीतच लिहून घेतात. दर कशाचा, किती काळाचा, हे गृहीत धरायला वाव ठेवत नाहीत. आपण त्या दोन राशी सूत्राच्या खालच्या १०० मध्ये आणि ‘द.सा.’मध्ये कोंबल्या आणि मग विसरून गेलो.

त्यांचं दुसरं गणित मला जास्त आवडतं, कारण त्याच जागी आजची मुलं हमखास अडखळतात. महिना शेकडा पाच दराने दिलेली रक्कम वर्षाने व्याजासह १००० झाली, तर मुद्दल किती आणि व्याज किती? दर वर्षाला ६० टक्के पडतो. मनात पहिली उडी येते ती म्हणजे १००० चे ६० टक्के काढायचे, ६०० वजा करायचे, उरले ४००. चूक. साठ टक्के हजाराचे नाहीतच, ते मुद्दलाचे आहेत आणि मुद्दल अजून कळलेलंच नाही. शंभराचे १६० होतात, तर हजार कशाचे झाले? ६२५ चे. व्याज ३७५.

याच गणिताचं आजचं रूप दुकानाच्या बिलावर असतं. १८ टक्के जीएसटी धरून वस्तू ११८० रुपयांना पडली, तर मूळ किंमत काय? शिकवणीत हा प्रश्न टाकला की निम्म्या वर्गाचं उत्तर येतं ९६७ रुपये ६० पैसे. ११८० मधून त्याचे १८ टक्के काढून टाकले की हेच येतं. खरं उत्तर १०००. टक्के काढायला सगळ्यांना येतं, शंभर कोण आहे हे ओळखायला येत नाही. शेकडेवारीच्या गणितात अवघड असं एवढंच काय ते आहे. भाग काढा, दर काढा, मूळ रक्कम काढा असे तीन प्रकार पुस्तकात वेगवेगळे शिकवतात, पण तिन्हींत करायचं एकच असतं: शंभराच्या जागी कुणाला बसवायचं ते ठरवायचं. त्याच एका कारणाने १०० रुपये ५० टक्क्यांनी वाढून मग ५० टक्क्यांनी घटले की परत १०० होत नाहीत, ७५ होतात. मधल्या मध्ये शंभर बदललेला असतो.

*

हा झाला दुसरा ‘दर’. पहिल्या ‘दर’ची, म्हणजे काळाची गोष्ट जास्त क्रूर आहे. वर सगळीकडे व्याज महिन्याचं आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. ही सवय फक्त आपलीच नव्हती. रोमन लोकही व्याज महिन्यावर मोजत. महिन्याला शंभरावा भाग, म्हणजे वर्षाला १२ टक्के, हा त्यांचा नेहमीचा दर. आणि महिन्याचा दर ऐकायला कसा छोटा वाटतो याचं इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण त्या माणसाचं आहे ज्याला आपण सीझरच्या खुनामुळे ओळखतो.

इ.स.पूर्व ५१ मध्ये सिसेरो किलिकिया प्रांताचा सुभेदार म्हणून गेला. सायप्रस बेट त्याच्या अखत्यारीत होतं. तिथल्या सालामिस शहराने रोममधून कर्ज काढलं होतं आणि स्काप्टियस नावाचा माणूस ते वसूल करायला बसला होता. आधीच्या सुभेदाराने त्याला घोडेस्वार दिले होते. ते घेऊन त्याने शहराच्या प्रतिनिधींना त्यांच्याच सभागृहात कोंडलं, इतके दिवस की पाच जण उपासमारीने मेले. सिसेरोने दोन्ही बाजूंना समोर बसवून हिशेब करायला लावला. त्याच्या जाहीरनाम्याप्रमाणे प्रांतात महिना शंभरावा भाग, म्हणजे वर्षाला १२ टक्के, यापेक्षा जास्त व्याज मान्य नव्हतं. स्काप्टियसच्या रोख्यात महिन्याला चार शंभरांश होते. वर्षाला ४८ टक्के. शहराच्या हिशेबाने देणं १०६ टॅलेंट निघत होतं, स्काप्टियस जवळपास २०० मागत होता. १२ टक्क्यांनी मोजल्यावर शहराचा हिशेब शेवटच्या नाण्यापर्यंत बरोबर निघाला.

स्काप्टियस नुसता मुखत्यार होता, पैसा मार्कस ब्रूटसचा होता, हे सिसेरोला नंतर कळलं. तोच ब्रूटस, पुढे सहा वर्षांनी स्वातंत्र्यासाठी सीझरवर सुरा उपसणारा. सालामिसच्या लोकांना रक्कम मंदिरात ठेव म्हणून भरायची होती, म्हणजे पुढचं व्याज थांबलं असतं. सिसेरोने त्यांना थांबायला सांगितलं आणि प्रकरण तसंच लोंबकळत ठेवून तो परतला. गणित त्याला पक्कं येत होतं, शहराची बाजू बरोबर आहे हेही त्याने मित्राला पत्रांतून लिहून ठेवलं आहे. पण मोठ्या माणसाशी वाकडेपणा त्याला नको होता. या प्रसंगातला खलनायक मला ब्रूटसपेक्षा सिसेरोच वाटतो, कारण उत्तर माहीत असून ते न लिहिणं हे वेगळ्याच दर्जाचं पाप आहे.

*

आता आपल्या मातीत येऊ. इथे तर शेकडाही लपलेला होता. जुना रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे. या रुपयात शंभर कुठेच बसत नाही. रुपयाला एक आणा म्हणजे किती टक्के? सव्वासहा. रुपयाला पैसा म्हणजे दीड टक्क्याच्या थोडं वर. पंतोजींच्या शाळेत मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत ते उगाच नाही. बाजारातला हिशेब पाव-अर्धा-पाऊणमध्ये चाले आणि ज्याला हे अपूर्णांकांचे पाढे येत तोच दुकानी टिके. आज कुणी ते पाढे म्हणून दाखवले की आपण कौतुकाने व्हिडिओ काढतो. तेव्हा ते संरक्षण होतं, आणि ते सगळ्यांना मिळत नव्हतं. पंतोजींच्या ओसरीवर गावातली सगळी मुलं बसत नसत.

समजा सावकार म्हणाला, रुपयाला महिना अर्धा आणा दे. अर्धा आणा! कुणाला जड वाटेल? पण बारा महिन्यांचे सहा आणे, सोळा आण्यांवर सहा आणे. वर्षाला साडेसदतीस टक्के. शेकड्यात सांगायचं तर महिना शंभराला तीन रुपये दोन आणे. तोच दर या तीन तऱ्हांनी ऐकून बघा आणि कुठला ऐकताना पोटात गोळा येतो ते पाहा.

या व्यवहाराला जुन्या हिंदू कायद्यात एक लगाम होता, दामदुपट. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभर दिले तर फार तर दोनशे घ्या. महिना दोन टक्क्यांनी शंभराचे दोनशे व्हायला पन्नास महिने लागतात. चार वर्षं दोन महिने झाले की मीटर बंद. नियम साधा आहे, तो पाळला गेला का हे बघायला फार गणितही लागत नाही. मला वाटतं, त्याची खरी ताकद तीच होती. निरक्षर माणसालाही दुप्पट म्हणजे काय ते कळतं.

मग १८५९ साली इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये. सावकारांनी त्यातून वाट काढली ती अशी: तीन वर्षं संपत आली की कुणब्याला बोलवायचं, आतापर्यंतचं मुद्दल आणि व्याज मिळून एक रक्कम करायची आणि तेवढ्या रकमेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. काल जे व्याज होतं ते आज मुद्दल झालं. शंभराच्या जागी नवा शंभर बसला. ज्याला अक्षर येत नसे तो कागदाखाली नांगराची निशाणी करी. आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला माहीत.

हिशेब करून बघू. १०० रुपये, महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाला २४, आणि कुणब्याला बारा वर्षं काहीच फेडता आलेलं नाही. दामदुपटीप्रमाणे देणं २००. शाळेतल्या सरळव्याजाने १०० अधिक २८८, म्हणजे ३८८. आणि दर तीन वर्षांनी नवा रोखा केला तर? तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी ५०९, बारा वर्षांनी ८७५. दर तोच, मुदत तीच, मुद्दल तेच, कुठेही बेरीज चुकलेली नाही, तरी एकाच कर्जाची तीन उत्तरं येतात. परीक्षेत यातलं एकच बरोबर धरतात. गावात कुठलं बरोबर धरायचं ते ज्याच्या हातात वही आहे तो ठरवी. आणि यात मनोती धरलेलीच नाही. मनोती म्हणजे कर्ज देतानाच काही रक्कम आधी कापून घेणं. हातात नव्वद, रोख्यावर शंभर, व्याज शंभरावर.

कर्ज वाढायला बाकीची कारणंही होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस बंद झाल्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मिळणं बंद झालं. त्याच सुमारास जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. हाही टक्काच, फक्त तो सरकारचा होता आणि त्याच्यावर दामदुपट नव्हती. लहान सावकारही अनेकदा मोठ्या पेढीचा देणेकरी असे, हेही खरं. पण साखळीच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाकडे पुढे ढकलायला कुणीच नव्हतं.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यात करड्याच्या लोकांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात, बाजारपेठेच्या गावात, आजूबाजूचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांत घुसले. ते काय मागत होते ते बघा. धान्य-कापड लुटलं गेलं, काही घरांना आगही लागली, पण पहिली मागणी होती वह्या आणि रोख्यांची. गठ्ठे बाहेर काढून रस्त्यात जाळले. लाट तिथून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरली. पुष्कळ ठिकाणी सावकाराने रोखे मुकाट्याने काढून दिले तर त्याला हात लावला नाही. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. मला तो गणितावरचा राग वाटतो. बेरीज-वजाबाकीवरचा नव्हे, ज्याची एकही पायरी आपल्याला दाखवली जात नाही आणि शेवटी फक्त उत्तर वाचून दाखवलं जातं, त्या गणितावरचा.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्यापुढे आलेल्या तक्रारी आजही ओळखीच्या वाटतात. भरलेल्या पैशाची पावती मिळत नाही, रोख्यात भलतेच आकडे लिहिले जातात, शेतमाल स्वस्तात धरला जातो. एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर सावकाराने २००० हून जास्त व्याज लावलेलं आयोगाला आढळलं. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यातली सगळ्यात महत्त्वाची तरतूद मला ही वाटते: न्यायाधीशाने समोरच्या रोख्यावरचा आकडा अंतिम मानायचा नाही, व्यवहाराच्या सुरुवातीपर्यंत मागे जाऊन हिशेब नव्याने करायचा. म्हणजे नवा शंभर बाजूला सारून पहिला शंभर शोधायचा. भास्कराचार्यांचं हजार रुपयांचं गणितच, कोर्टात मांडलेलं. कर्जदाराला पावती आणि लेखी हिशेब मागायचा हक्कही मिळाला. त्या काळी खेड्यात हिशेब मागायला किती जण धजावले असतील, हा प्रश्न निराळा. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो या कायद्यानंतर चार वर्षांनी, आणि त्यात शेतकऱ्याचं अज्ञान आणि त्याची लूट ते एकत्रच मांडतात.

*

त्या मानाने पुढची मोठी सुधारणा अगदी शांतपणे झाली. १ एप्रिल १९५७ रोजी आणे गेले आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. याला आपण नाण्यांचा बदल म्हणून विसरून गेलो. पण शेकडेवारीच्या दृष्टीने बघा. त्या दिवशी पहिल्यांदा एक टक्का हातात धरता आला. रुपयाचा एक टक्का म्हणजे एक पैसा. रुपयाला सहा पैसे म्हणजे सहा टक्के, पाढा नको, त्रैराशिक नको. शेकडा किती लागतो हे कळायला आता दिडकी-अडीचकी येणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. त्या पिढीतल्या आजी-आजोबांना विचारून बघा, ते कित्येक वर्षं चार आणे, आठ आणे असंच बोलत राहिले, चार आण्यांचे २५ पैसे झाले तरी. २०११ च्या जून अखेरीस २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, आणि हातात धरता येणारा टक्का पुन्हा नाहीसा झाला.

शेकडा उघडा झाला, पण काळाचा ‘दर’ अजून हवा तसा वाकतो. खेड्यात कुणी खासगीत ‘तीन टक्क्यांनी पैसे उचलले’ म्हणतं तेव्हा ते महिन्याचे तीन असतात. ‘दर साल’ तिथे नसतोच, शाळेत शिकलेला मुलगा मात्र तो मनातल्या मनात जोडून घेतो आणि बँकेपेक्षा स्वस्त म्हणून खूश होतो. वर्षाला छत्तीस. भाषेच्या या सवयीचा फायदा कुणाला होतो हे सांगायला नकोच.

आणि शहरात? गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइल घ्यायला निघाला होता. १२,००० चा फोन, बारा हप्ते, ‘महिना फक्त १ टक्का’. हप्ता ११२०. त्याने गणित करून ठेवलं होतं: १२,००० चे वर्षाला १२ टक्के म्हणजे १४४०, एकूण १३,४४०, भागिले बारा. बरोबर आहे ना ताई? भागाकार बरोबरच होता. मी त्याला विचारलं, सहा हप्ते भरून झाल्यावर तुझ्याकडे कंपनीचे किती पैसे शिल्लक असतील? तो म्हणाला, साधारण निम्मे. मग सातव्या महिन्यात एक टक्का कशाचा लावलाय? तो जरा थांबला. बारा हजारांचाच, म्हणाला. शेवटच्या महिन्यात त्याच्याकडे जेमतेम हजार रुपये उरलेले असणार होते, आणि त्यांच्यावर १२० रुपये व्याज.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. कर्ज देण्याआधी एक तक्ता दाखवायचा, आणि त्यात शुल्कासकट वर्षाचा खरा दर, ज्याला एपीआर म्हणतात, तो एका आकड्यात लिहायचा. २०२४ मध्ये बाकीच्या किरकोळ कर्जांसाठीही असा तक्ता बंधनकारक केला. १८७९ च्या न्यायाधीशाचं काम आता कर्ज देणाऱ्यानेच आधी करून दाखवायचं, असा तो प्रकार. आम्ही त्याच्या फोनवर तो तक्ता शोधला. तीन वेळा ‘पुढे जा’ची बटणं टाळून, खाली खाली सरकवत गेल्यावर सापडला. दर होता साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. त्याने तो आकडा दोनदा वाचला, मग वर जाऊन पुन्हा ती ‘महिना फक्त १ टक्का’ची रंगीत पट्टी बघितली, आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, “मग बारा कुठून आले?”

मी त्या कागदावर वरून पहिली ओळ लिहिली: पहिला महिना, शिल्लक १२,०००. पुढच्या अकरा ओळी त्याने स्वतः लिहिल्या.